दाबोळी : धावपट्टी नौदलाची, गर्दी पर्यटकांची

जळगावहून गोव्याला थेट विमान सुरू झालं ते २०२४ मध्ये. त्याआधीची, आणि आजही खिशाला जास्त परवडणारी वाट म्हणजे गोवा एक्स्प्रेस. भुसावळ, मनमाड, पुणे, मिरज, बेळगाव, लोंढा करत ती दूधसागरचा घाट उतरते आणि वास्कोला जाऊन थांबते. यातली गंमत अशी, की विमानाने जाणाऱ्या खानदेशी प्रवाशाला दाबोळी दिसतच नाही, कारण त्याचं विमान उत्तर गोव्यात मोपाला उतरतं. रेल्वेने जाणाऱ्याला मात्र वास्कोच्या अलीकडे दाबोळी नावाचं छोटं स्टेशन लागतं आणि नशीब असेल तर डोक्यावरून कानठळ्या बसवत एखादं लढाऊ विमानही जातं. सुट्टीसाठी निघालेल्या माणसाला आपण नौदलाच्या तळाशेजारून चाललो आहोत, हे तेव्हा पहिल्यांदा कळतं.

बाहेरच्यांना दाबोळी म्हणजे गोव्याचा विमानतळ. कागदोपत्री मात्र ही जागा ‘आयएनएस हंसा’ या नौदलाच्या हवाई तळाची आहे. धावपट्टी नौदलाची, हवाई वाहतुकीचं नियंत्रणही नौदलाचंच. प्रवाशांचं टर्मिनल सांभाळतं भारतीय विमानतळ प्राधिकरण, तेही या मोठ्या तळाच्या एका कडेला. थोडक्यात, देशातल्या सगळ्यात गजबजलेल्या पर्यटनस्थळांपैकी एकाचं विमान कित्येक दशकं भाडेकरू म्हणूनच उतरत आलं.

नाकेबंदीतून जन्म

मुरगाव तालुक्यातल्या समुद्रालगतच्या पठारावर हा विमानतळ पोर्तुगीजांनी उभारला आणि तो १९५५ मध्ये सुरू झाला. ही हौस नव्हती, निकड होती. गोवामुक्तीची चळवळ पेटली होती, भारताने आर्थिक नाकेबंदी केली होती आणि गोव्यातून भारतात येणारी रेल्वे बंद पडली होती. गोवा, दमण आणि दीव हे तीन तुकडे एकमेकांशी आणि बाहेरच्या जगाशी जोडायचे तर आकाशाचाच मार्ग उरला होता. त्यासाठी पोर्तुगीजांनी स्वतंत्र विमानसेवाही काढली. ती कराचीमार्गे बाहेर पडायची. विमानतळाला त्या वेळचे गव्हर्नर जनरल बेनार्ड गेदिश यांचं नाव देण्यात आलं.

सहा वर्षांतच या धावपट्टीवर बॉम्ब पडले. गोवामुक्तीच्या ‘ऑपरेशन विजय’साठी भारतीय हवाई दलाने पुणे आणि बेळगावजवळचं सांबरा इथे विमानं जमवली होती. १८ डिसेंबर १९६१ रोजी विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली १२ कॅनबेरा विमानांनी दाबोळीवर हल्ला चढवला आणि काही मिनिटांत सुमारे ६३ हजार पौंडांचे बॉम्ब टाकले. हुकूम मात्र नेमका होता : धावपट्टी निकामी करायची, इमारतींना धक्का लावायचा नाही. मैदानात उभी असलेली दोन प्रवासी विमानंही मुद्दाम सोडली गेली, म्हणजे ती आयतीच हाती लागतील. पण पोर्तुगीज वैमानिक वस्ताद निघाले. रात्रीच्या अंधारात, खड्डे पडलेल्या त्याच धावपट्टीच्या शाबूत भागावरून त्यांनी दोन्ही विमानं उडवली आणि ते निसटले.

गोवा मुक्त झाल्यावर लष्करी गव्हर्नर मेजर जनरल के. पी. कँडेथ यांनी एप्रिल १९६२ मध्ये हा तळ नौदलाकडे दिला. तमिळनाडूतल्या सुलूरला १९६१ मध्ये सुरू झालेलं ‘आयएनएस हंसा’ १९६४ मध्ये इथे हलवण्यात आलं. विक्रांत ही आपली पहिली विमानवाहू युद्धनौका तेव्हा ताफ्यात आली होती आणि तिच्या विमानांना किनाऱ्यावर घर हवं होतं. ते दाबोळीत मिळालं. विमानतळ नागरी खात्याकडे का गेला नाही, हा गोव्याच्या राजकारणातला वाद तिथून सुरू झाला आणि नंतरही अधूनमधून डोकं वर काढत राहिला.

साडेआठ ते एक

पर्यटकांचा लोंढा १९८०च्या दशकात वाढला. युरोपातून चार्टर विमानं येऊ लागली आणि पुढे हिवाळ्यात ब्रिटिश आणि रशियन पाहुण्यांनी दाबोळी भरून जाऊ लागली. २०१३ मध्ये नवं टर्मिनल झालं. २०१८-१९ या वर्षात प्रवाशांची संख्या ८४ लाखांवर गेली. टर्मिनल वाढवता आलं, धावपट्टी मात्र एकच राहिली.

खरी अडचण वेळेची होती. सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेआठ ते दुपारी एक हा काळ नौदलाच्या सरावाचा. त्या वेळात प्रवासी विमानांना जवळपास दार बंद. मग दुपारी एकनंतर विमानांची रीघ लागायची आणि टर्मिनलमध्ये पाय ठेवायला जागा उरायची नाही. गोव्याच्या विमानांच्या वेळा गैरसोयीच्या का, याचं उत्तर विमान कंपनीच्या कार्यालयात नव्हतं, ते नौदलाच्या उड्डाणांच्या वेळापत्रकात होतं.

एकाच धावपट्टीचा दुसरा अर्थ असा, की एकाची खोळंब्याची वेळ आली की दोघंही खोळंबतात. २७ डिसेंबर २०१६ रोजी पहाटे मुंबईला निघालेलं प्रवासी विमान उड्डाण घेताना धावपट्टी सोडून गर्रकन फिरलं आणि वाहतूक काही तास थांबली. ३ जानेवारी २०१८ रोजी नौदलाचं मिग-२९के धावपट्टीवरून घसरून पेटलं, तेव्हा प्रवासी विमानं अडकली. सगळ्यात जड दिवस मात्र १ ऑक्टोबर २००२चा. आयएल-३८ विमानांच्या तुकडीला २५ वर्षं पूर्ण झाल्याच्या संचलनात दोन विमानं हवेतच एकमेकांवर आदळली आणि दोन्हींतले १२ नौसैनिक गेले.

युद्धनौकेचा डेक जमिनीवर

नौदलाला दाबोळी सोडवत नाही, यालाही तसंच कारण आहे. विमानवाहू नौकेचा डेक अगदी आखूड. पुरेसा वेग यायच्या आत तो संपतो. म्हणून आपल्या नौकांवर त्याचं पुढचं टोक वर उचललेलं असतं. विमान त्या चढावरून आकाशाच्या दिशेने फेकलं जातं आणि उरलेला वेग हवेत गाठतं. उतरताना उलटा प्रकार. शेपटीखालचा आकडा डेकवर आडव्या ताणलेल्या पोलादी तारांपैकी एकीत अडकला, तरच विमान काही सेकंदांत थांबतं. आकडा चुकला, की पुन्हा उड्डाण करून वळसा घालायचा. ही कसरत थेट समुद्रात शिकवता येत नाही. म्हणून हंसा तळावर असाच चढ आणि अशाच तारा जमिनीवर बांधल्या आहेत. स्वदेशी तेजसच्या नौदल आवृत्तीने २० डिसेंबर २०१४ रोजी इथूनच चढावरून झेप घेतली आणि १३ सप्टेंबर २०१९ रोजी तार पकडून उतरण्याची चाचणी पार पाडली. फेब्रुवारी २०२३ मध्ये ते नव्या विक्रांतवर प्रत्यक्ष उतरलं.

तळाच्या आत सामान्य माणसाला प्रवेश नाही आणि फोटो काढायलाही मनाई आहे. त्याची भरपाई बोगमाळोच्या रस्त्यावरचं नौदल हवाई संग्रहालय करतं. १९९८ मध्ये उघडलेल्या या संग्रहालयाच्या अंगणात जुनी विमानं हारीने उभी आहेत. पहिल्या विक्रांतवरून १९७१च्या युद्धात चितगाव आणि कॉक्स बाजारवर हल्ले करणारी सी हॉक विमानं कशी होती, ते इथे हाताच्या अंतरावरून बघता येतं. आखूड जागेतून उडणारं आणि सरळ खाली उतरू शकणारं सी हॅरियरही इथे आहे. ते १९८३ मध्ये दाबोळीत आलं आणि २०१६ मध्ये इथूनच निवृत्त झालं. सगळ्यांत उठून दिसतं ते चार पंख्यांचं, तीन शेपट्यांचं सुपर कॉन्स्टेलेशन. ही विमानं आधी एअर इंडियाची, मग हवाई दलाची आणि शेवटी नौदलाची झाली. मुलांना घेऊन गेलात तर दोन तास सहज जातात. पुढे बोगमाळोचा लहानसा किनारा आहेच.

मोपा आल्यावर

सैन्य आणि प्रवाशांचा असा एकत्र संसार फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. भूमध्य समुद्रातल्या मायोर्का बेटावरचा पाल्मा आणि क्रीट बेटावरचा हानिया हे सुट्टीतल्या प्रवाशांनी ओसंडून वाहणारे विमानतळही आपापल्या हवाई दलांच्या शेजारीच नांदतात. समुद्रात पुढे आलेली जागा पर्यटकाला जितकी प्रिय, तितकीच सैन्यालाही. जळगावहून पुण्याला जाणारा प्रवासीसुद्धा लोहगावला उतरतो, तेव्हा हवाई दलाच्याच धावपट्टीवर टेकतो.

गोव्याने यावर उपाय काढला तो दुसऱ्या विमानतळाचा. पेडणे तालुक्यातल्या मोपाचं उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झालं, ५ जानेवारी २०२३ पासून विमानं सुरू झाली आणि त्याला मनोहर पर्रीकरांचं नाव मिळालं. तिथे नौदलाच्या वेळा नाहीत. साहजिकच बऱ्याच परदेशी विमानांनी तिकडे मुक्काम हलवला. दक्षिण गोव्यातले टॅक्सीवाले आणि हॉटेलवाले तेव्हापासून धास्तावले आहेत. दाबोळी बंद होणार नाही, असं सरकार सांगत आलं आहे.

खानदेशाने यातून घ्यायचा धडा वेगळा आहे. जळगावचा विमानतळ १९७३ मध्ये सार्वजनिक बांधकाम विभागाने बांधला, पण नियमित प्रवासी सेवा सुरू व्हायला डिसेंबर २०१७ उजाडलं. त्यानंतरही ती दोनदा सुरू होऊन बंद पडली. धुळ्याजवळच्या गोंदूरच्या धावपट्टीवर शिकाऊ वैमानिक घिरट्या घालतात, प्रवासी नाहीत. दाबोळीला विमानं होती, वेळ मिळत नव्हती; आपल्याकडे दिवसभर धावपट्टी मोकळी आहे, विमानं मोजकीच. कुठल्याही सैन्याची अडचण नसताना ती का टिकत नाहीत, हा प्रश्न लोकप्रतिनिधींना विचारायलाच हवा.

तोवर गोव्याला जाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं. तिकिटावर ‘जीओआय’ असेल तर ते दाबोळी, ‘जीओएक्स’ असेल तर मोपा. दोघांत रस्त्याने साधारण ६० किलोमीटरचं अंतर आहे आणि टॅक्सीचं भाडं त्याच हिशेबाने लागतं. मुक्काम कोलवा, बाणावली, मडगावकडे असेल तर दाबोळी सोयीची. हरमल, मोरजी, कळंगुटकडे असेल तर मोपा. आणि गोवा एक्स्प्रेसने वास्कोला उतरणार असाल तर सोमवार टाळा, कारण त्या दिवशी संग्रहालय बंद असतं.