गळ्यातली डबी, कानाची पाळी

डबी धातूची असायची. दोरीत ओवून गळ्यात घालायची, आणि आत घडी घातलेला कागद. त्या कागदावर नाव, जमात, बोटांचे ठसे, कुठल्या गोऱ्या मळेवाल्याकडे कामाला, पगार किती, काम कधी सोडलं हे सगळं. ब्रिटिशांच्या केनियात सोळा वर्षांवरच्या प्रत्येक आफ्रिकी पुरुषाला ही डबी बाळगावी लागे. कायदा 1915 चा, अंमल पहिल्या महायुद्धानंतरचा. मालकाने कागदावर ‘सोडला’ अशी नोंद केली नाही, तर दुसरीकडे काम धरता येत नसे. न सांगता निघून गेलं तर ठशांवरून माग काढून तुरुंगात. स्वाहिलीत तिला ‘किपांडे’ म्हणत, म्हणजे तुकडा. किकुयू लोकांनी मात्र तिला अचूक नाव दिलं होतं : शेळीच्या गळ्यातली घंटा.

खासगीपणाच्या लढ्याबद्दल वाचताना आपण बहुधा युरोपात जाऊन पोचतो. फेसबुकला कोर्टात खेचणारा ऑस्ट्रियाचा मॅक्स श्रेम्स, ब्रुसेल्सचे नियम, कुकीजची परवानगी मागणाऱ्या चौकटी. तोही लढा खरा आहे. पण त्यातून असा समज पक्का होतो की खासगीपणा हे पोट भरलेल्यांचं दुखणं आहे. 2017 साली आपल्या सर्वोच्च न्यायालयात सरकारी बाजूने जवळपास हेच म्हणणं मांडलं गेलं होतं : गरिबाला रेशन हवं, खासगीपणा नको. नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने 24 ऑगस्टच्या पुट्टस्वामी निकालात ते फेटाळलं. तरी आपल्या बोलण्यातून ते गेलेलं नाही. म्हणून ही गोष्ट नैरोबीच्या किबेरा वस्तीची.

त्याआधी ठशांचा प्रवास. 1858 साली बंगालमध्ये विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने एका कंत्राटदाराच्या तळव्याचा ठसा करारावर उमटवून घेतला. पुढे त्याने नाकबूल होऊ नये म्हणून. 1897 मध्ये कलकत्त्यात ठशांचं कार्यालय निघालं. ठशांच्या वर्गीकरणाला तिथल्या पोलीसप्रमुखाचं, एडवर्ड हेन्रीचं नाव मिळालं. त्यामागचं गणित अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या त्याच्या हाताखालच्या दोघांनी बसवलं होतं. 1900 मध्ये हेन्रीला दक्षिण आफ्रिकेत पोलीस दलाची घडी बसवायला पाठवलं. काही वर्षांतच ट्रान्सवालमधल्या हिंदी लोकांना ठसे देऊन नोंदणी करण्याची सक्ती झाली.

गांधींचं तिथलं वागणं नीट पाहण्यासारखं आहे. 1908 च्या सुरुवातीला तडजोड झाली, तेव्हा स्वेच्छेने ठसे द्यायला ते तयार झाले, आणि त्याबद्दल आपल्याच माणसांचा मारही खाल्ला. पण सक्तीचा कायदा मागे घेतला जात नाही असं दिसताच, 16 ऑगस्टला जोहान्सबर्गच्या हमीदिया मशिदीसमोर मोठ्या लोखंडी कढईत दोन हजारांवर नोंदणीपत्रं टाकली आणि रॉकेल ओतून जाळली. तेव्हा भांडण ठशांशी नव्हतं, सक्तीशी होतं. शंभर वर्षांनंतर नैरोबीच्या कोर्टात हाच फरक पुन्हा कामाला आला.

किबेरा म्हणजे ‘आफ्रिकेतली सर्वांत मोठी झोपडपट्टी’ असं वर्णन सर्रास वाचायला मिळतं. नाव मुळात न्यूबी भाषेतलं, अर्थ रान. सुदानकडून ब्रिटिशांनी आपल्या फौजेत आणलेल्या न्यूबियन सैनिकांना नैरोबीच्या कडेला या रानात वसवलं. त्यांची चौथी-पाचवी पिढी आज तिथेच राहते. देश स्वतंत्र झाला, पण हे लोक कागदोपत्री परकेच राहिले. केनियात अठरा वर्षं झाली की ओळखपत्र काढायचं असतं. त्याच्याशिवाय नोकरी नाही, बँकेत खातं नाही, मोबाइलवरून पैसे पाठवणं नाही, मत नाही. इतर मुलं जन्मदाखला घेऊन जातात आणि अर्ज भरतात. न्यूबियन मुलाला ‘व्हेटिंग’ला, म्हणजे पडताळणी समितीपुढे, बसावं लागे. आजोबांचे कागद आण, तू इथलाच कशावरून ते सांग. 2011 मध्ये आफ्रिकी संघाच्या बालहक्क समितीने न्यूबियन मुलांच्या प्रकरणात केनिया सरकारला दोषी धरलं. समित्या मात्र चालूच राहिल्या.

2018 च्या अखेरीस केनियाच्या संसदेने ‘संकीर्ण दुरुस्त्या’ नावाचा कायदा केला. एकाच गाठोड्यात अनेक कायद्यांचे किरकोळ बदल बांधायची ही पद्धत. (आपल्याकडे 2016 चा आधार कायदा धनविधेयक म्हणून आला होता. मोठं काम छोट्या दाराने आत घेण्यात आपणही मागे नाही.) त्या गाठोड्यात देशभराच्या एकाच ओळख-नोंदणीची तरतूद निघाली. नाव ‘हुदुमा नांबा’. हुदुमा हा अरबी ‘खिदमा’वरून स्वाहिलीत आलेला शब्द, म्हणजे आपली खिदमतच, नांबा म्हणजे नंबर. खिदमतीसाठी सरकार काय काय मागू शकेल, याची यादी कायद्यातच होती : बोटांचे ठसे, हाताच्या पंजाची आणि कानाच्या पाळीची ठेवण, डोळ्याचा पडदा, बुबुळ, आवाजाच्या लहरी आणि डीएनए. वर घराचं जीपीएस स्थान. आणि हे सगळं गोळा करायचं ठरलं तेव्हा देशात व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदाच नव्हता.

न्यूबियन राइट्स फोरम ही किबेरातली छोटी संस्था कोर्टात गेली. केनिया ह्यूमन राइट्स कमिशन ही स्वयंसेवी संस्था आणि सरकारी मानवी हक्क आयोग यांच्याही याचिका होत्या. न्यूबियनांचं म्हणणं साधं होतं. आज ओळखपत्र नसलं तरी एखादा ओळखीचा शिक्षक मुलाला शाळेत घेतो, एखादा डॉक्टर तपासतो. उद्या सगळ्या सेवा एका नंबराला बांधल्या, आणि नंबर मिळायला जुनं ओळखपत्र लागलं, तर या फटी बुजतील. माहिती गोळा होते म्हणून, आणि माहितीत आपण नसू म्हणूनही, अशी दुहेरी भीती होती. खासगीपणाच्या पुस्तकी चर्चेत यातली दुसरी भीती क्वचितच येते.

साक्षीला आलेल्या तज्ज्ञांत लंडनच्या ‘प्रायव्हसी इंटरनॅशनल’चे थॉमस फिशर होते. 1990 पासून पाळतीच्या विरोधात काम करणारी ही संस्था. आणि होते भारतातले सायबर सुरक्षा अभ्यासक आनंद वेंकटनारायणन. केनियाचा प्रकल्प उभा राहताना आधारचं उदाहरण समोर होतंच, त्यामुळे आधारमध्ये प्रत्यक्षात काय घडलं ते सांगणारा माणूस याचिकाकर्त्यांना हवा होता. सगळं एका जागी साठवल्याने काय धोके येतात, मशीन ठसा ओळखत नाही तेव्हा कोण उपाशी राहतं, हा सगळा आपला अनुभव. 29 सप्टेंबर 2010 ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात पंतप्रधानांच्या उपस्थितीत देशातले पहिले आधार क्रमांक वाटले गेले. तिथून सुरू झालेल्या प्रयोगाचा जमाखर्च नऊ वर्षांनी नैरोबीच्या कोर्टात मांडला गेला. हर्शेलचा ठसा बंगालमधून आफ्रिकेत गेला, त्याच वाटेने ही साक्षही गेली.

1 एप्रिल 2019 ला कोर्टाने अंतरिम आदेश दिला : नोंदणी करा, पण सक्ती नको, डीएनए आणि जीपीएस नको, नंबर नाही म्हणून कुणाची सेवा अडवू नका. पण सरकारी प्रचाराचा सूर काही वेगळाच होता. रांगा लागल्या आणि साडेतीन कोटींहून अधिक लोकांनी नोंद केली. यातली स्वेच्छा किती, हे सांगणं अवघड आहे. आपण तरी हॉटेलच्या काउंटरवर आधारची झेरॉक्स देताना काय करतो? तिच्यावर आडवी सही ठोकतो, तारीख घालतो आणि शहाणपणा केल्याच्या समाधानात खोलीची चावी घेतो.

30 जानेवारी 2020 ला तीन न्यायाधीशांचा निकाल आला. डीएनए आणि जीपीएस घटनाबाह्य. बाकीची योजना वैध, पण पुरेशी नियमावली होईपर्यंत थांबा. म्हणजे निम्मा विजय. दरम्यान, नोव्हेंबर 2019 मध्ये केनियाने माहिती संरक्षणाचा कायदा घाईघाईने करून टाकला होता. हा खटला नसता तर ती घाई झाली असती का, याबद्दल मला शंका आहे. सरकारने कार्डं वाटायला घेतली तेव्हा ‘कतिबा इन्स्टिट्यूट’ कोर्टात गेली. 14 ऑक्टोबर 2021 ला उच्च न्यायालयाने हे वाटप बेकायदा ठरवलं, कारण नव्या कायद्याप्रमाणे लोकांच्या माहितीवर होणाऱ्या परिणामांचा आढावा आधी घ्यायला हवा होता, तो घेतलाच नव्हता.

दिल्लीचा आणखी एक धागा याच काळात कॅरिबियनमध्ये निघाला. सप्टेंबर 2018 मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने आधार चार विरुद्ध एक मतांनी उचलून धरलं. ते एक मत होतं न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांचं. भिन्नमताचं निकालपत्र आपल्याकडे अभ्यासकांच्या टिपणांपुरतं उरतं. पण 12 एप्रिल 2019 ला जमैकाच्या सर्वोच्च न्यायालयाने तिथला सक्तीचा ओळख-कायदा अख्खा रद्द केला, तेव्हा मुख्य न्यायाधीश ब्रायन साइक्स यांनी या भिन्नमताचाच भरभक्कम आधार घेतला. दिल्लीत हरलेला युक्तिवाद किंग्स्टनमध्ये जिंकला.

किबेराची माणसं पॅरिसलाही पोचली. नोंदणीची यंत्रं ‘आयडेमिया’ या फ्रेंच कंपनीची. ठसे-बुबुळं जुळवण्याच्या आधारच्या यंत्रणेतही तिच्या पूर्वसुरी कंपन्यांचा हात होता. फ्रान्समध्ये असा कायदा आहे, की मोठ्या कंपनीने आपल्या धंद्यामुळे परदेशातही कुणाचे हक्क तुडवले जाणार नाहीत याची दक्षता घ्यायची, आणि ती कशी घेतली हे लिहून जाहीर करायचं. ‘डेटा राइट्स’ या युरोपीय संस्थेने केनियातल्या दोन संस्थांसह 2022 मध्ये त्याखाली दावा लावला. पुढच्या वर्षी मध्यस्थी होऊन कंपनीने आपला दक्षता आराखडा सुधारायचं मान्य केलं. नुकसानभरपाईची मोठी रक्कम वगैरे काही नाही. तरी एका झोपडपट्टीतल्या संस्थेचं म्हणणं ऐकायला पॅरिसमध्ये त्या कंपनीला बसावं लागलं, हे थोडं नव्हे.

2023 मध्ये नव्या सरकारने ‘माइशा नांबा’ आणला. माइशा म्हणजे आयुष्य. पुन्हा याचिका, पुन्हा स्थगिती, स्थगिती उठणं, पुन्हा स्थगिती.

या सगळ्यात एक गोष्ट बाहेरच्या माणसाला कोड्यात टाकते. ओळखपत्राच्या एवढ्या मोठ्या योजनेविरुद्ध लढणाऱ्या न्यूबियन राइट्स फोरमचं रोजचं काम काय, तर लोकांना ओळखपत्र मिळवून देणं. त्यांचे कायदा-मदतनीस, बहुतेक वस्तीतलेच तरुण-तरुणी, अर्ज भरून देतात, जन्मदाखल्यातली नावाची चूक दुरुस्त करून आणतात, पडताळणीच्या दिवशी सोबत जात. समितीपुढे बसणाऱ्या मुलाच्या फाइलमध्ये सगळ्यात खाली आजोबांचा कागद असायचा, घड्यांवर विरलेला. तो आधी झेरॉक्स करून घ्यायचा, आणि मूळ कागद कुणाच्या हातात द्यायचा नाही.