अपुऱ्या यंत्रांतून घडलेले खेळ

पडद्यावरचा प्रकाशाचा ठिपका हलवून खेळण्याची कल्पना प्रयोगशाळेत जन्मली. १९५८ मध्ये अमेरिकेतल्या ब्रूकहेवन प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम या भौतिकशास्त्रज्ञाने भेटीला येणाऱ्या लोकांसाठी ऑसिलोस्कोपवर टेनिसचा खेळ मांडला. १९६२ मध्ये एमआयटीत स्टीव्ह रसेल आणि त्याच्या सोबत्यांनी ‘स्पेसवॉर’ तयार केला. १९७२ मध्ये अटारी कंपनीचा ‘पाँग’ आला आणि नाणे टाकून व्हिडिओ खेळ खेळण्याचा धंदा उभा राहिला.

त्या काळी यंत्रांची ताकद फार तोकडी होती. त्या तोकडेपणातूनच या खेळांची घडण ठरत गेली. १९७८ मध्ये तोमोहिरो निशिकादो यांनी ‘स्पेस इन्व्हेडर्स’ रचला, तेव्हा पडद्यावरचे सगळे शत्रू भराभर हलवणे प्रोसेसरला झेपत नव्हते. शत्रू मरत गेले की त्याचे काम हलके होई आणि उरलेले शत्रू अधिकाधिक वेगाने धावू लागत. निशिकादोंनी हा प्रकार दुरुस्त केला नाही, मुद्दाम तसाच ठेवला. विजय जवळ येईल तसतसा ताण वाढवण्याची जी रीत आज मोबाइलवरच्या साध्या खेळातही दिसते, तिचे हे ठळक आरंभीचे उदाहरण आहे.

तोरू इवातानी यांचा ‘पॅक-मॅन’ (१९८०) तर अभ्यास करावा असा आहे. त्यातली चार भुते दिसतात सारखी, पण वागतात निरनिराळी. लाल भूत थेट पाठलाग करते. गुलाबी भूत पॅक-मॅनच्या पुढची जागा हेरून वाट अडवते. निळ्याची चाल लाल भुताच्या जागेवरही अवलंबून असते, आणि नारिंगी जवळ येताच मागे फिरते. मोजक्या नियमांतून खेळणाऱ्याला वाटते, ही भुते विचार करतात. टप्पे मोजायला मात्र एकच बाइट राखलेला होता. त्यात २५५ च्या पुढचा आकडा मावत नाही. म्हणून २५६ व्या टप्प्यावर अर्धा पडदा अक्षरांच्या गिचमिडीने भरतो आणि खेळ पुढे सरकत नाही. शिगेरू मियामोतो यांचा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ (१९८५) सुमारे ४० किलोबाइटांत बसवला होता. जागा वाचवण्यासाठी आकाशातला ढग आणि जमिनीवरचे झुडूप यांना एकच चित्र वापरले, फक्त रंग बदलला.

भारतात हे खेळ पसरले ते मुख्यतः नक्कल यंत्रांमुळे. निन्टेंडोने १९८३ मध्ये जपानात आणलेल्या फॅमिली कॉम्प्युटरच्या स्वस्त नकला नव्वदच्या दशकात इथल्या बाजारात आल्या आणि टीव्हीला जोडल्या गेल्या. एकाच ‘कॅसेट’मध्ये अनेक खेळ भरलेले असत. नक्कल बेकायदा होती खरी, पण कित्येक मराठी घरांत मारिओ आणि ‘कॉन्ट्रा’ पोचवले ते तिनेच. कॅसेट चालली नाही की मुले तिच्यात फुंकर मारत. खरा गुण फुंकरीचा नव्हता. काढून पुन्हा बसवल्याने आतल्या पट्ट्या नीट टेकत. उलट श्वासातल्या ओलाव्याने त्या गंजण्याचीच भीती असे.

त्या काळातल्या खेळांचा धागा आता पुण्यात येऊन पोचला आहे. मोबाइलवरच्या अधिकृत ‘पॅक-मॅन’चे काम मूळ जपानी कंपनीने पुण्याच्या सुपरगेमिंगकडे सोपवले. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’ हा खेळ आणला. भिंतींवर धावणे, कठड्यांना लटकणे, नेमकी उडी साधणे ही त्यातली अंगे थेट ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ मालिकेच्या परंपरेतली आहेत. त्या मालिकेतला १९८९ चा पहिला खेळ घडवताना जॉर्डन मेकनरने धाकट्या भावाच्या धावण्या-उडण्याचे चित्रण करून त्यावरून एकेक हालचाल रेखाटली होती. ‘राजी’ची गोष्ट मात्र इथली आहे: असुरांनी पळवलेल्या भावाच्या शोधात निघालेली मुलगी, तिच्या हाती दुर्गेने दिलेले त्रिशूळ, आणि पहाडी चित्रशैलीच्या वळणाची दृश्ये. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये स्वतंत्र निर्मात्यांच्या पहिल्या खेळासाठी असलेल्या पुरस्काराच्या नामांकनांत ‘राजी’चा समावेश होता.