*🥛 दुधाचा रतीब घालताय? नोंदणी आणि नमुना, दोन्ही समजून घ्या*



परवा एका सभासदाचा फोन आला. "साहेब, संध्याकाळचं दूध संस्थेत घालतो. सकाळचं १० लिटर शहरात घरोघरी रतीब. दूध घरच्या गायींचं, मग मला कसलं लायसन?" हा प्रश्न बऱ्याच जणांचा आहे, म्हणून सगळ्यांनाच सांगतो.

*१) नोंदणी कोणाला लागते?*
अन्न सुरक्षा कायद्याच्या २०११ च्या नियमावलीत दूध उत्पादकाला एक सूट आहे. तुम्ही सहकारी दूध संस्थेचे सभासद असाल आणि *सगळं दूध* त्याच संस्थेला घालत असाल, तर वेगळी नोंदणी लागत नाही. थोडं दूध जरी बाहेर विकलं तरी ही सूट लागू होत नाही. आणि आपली एफपीओ ही कंपनी आहे, सहकारी संस्था नाही. त्यामुळे "मी एफपीओचा सभासद आहे" हे कारण इथे चालणार नाही.

छोट्या विक्रेत्याला मोठं लायसन नाही, साधी नोंदणी पुरते. अर्ज 'फॉसकॉस' पोर्टलवर ऑनलाइन होतो. फोटो आणि आधार तयार ठेवा. फी किती ते आधी पोर्टलवर बघा, मगच एजंटला पैसे द्या.

*२) पाणी न घालताही नमुना फेल होऊ शकतो*
गायीच्या दुधाला किमान ३.२ फॅट आणि ८.३ एसएनएफ लागतं. कमी भरलं तर दूध 'कमी प्रतीचं' ठरतं आणि कायद्यात ५ लाख रुपयांपर्यंत दंड आहे. फॅट कमी लागण्याची दोन साधी कारणं:
▪️ सुरुवातीच्या धारेत फॅट कमी, शेवटच्या धारेत सगळ्यात जास्त. शेवटची धार वासराला सोडली की कॅनमधलं दूध पातळ लागतं. वासराला आधी पाजा किंवा वेगळं काढून द्या.
▪️ कॅन उभा राहिला की साय वर येते. माप घालण्याआधी प्रत्येक वेळी तळापासून ढवळा.
गाय-म्हशीचं दूध एकत्र केलं असेल तर 'मिक्स' म्हणूनच विका.

*३) अधिकारी नमुना घ्यायला आले तर*
घाबरू नका, वाद घालू नका. आधी दूध नीट ढवळून मगच नमुना घ्यायची विनंती करा. नमुन्याचे चार भाग होतात. त्यातला एक भाग मान्यताप्राप्त लॅबला पाठवा, अशी मागणी करायचा तुम्हाला हक्क आहे. ती *तिथेच, लेखी* करा. लॅबचा खर्च आपल्याला करावा लागतो, पण दुसरा रिपोर्ट हाताशी राहतो. पहिल्या रिपोर्टवर ३० दिवसांत अपील करता येतं. कागद आला की ठेवून देऊ नका, लगेच फोन करा.

*४) गिऱ्हाईकाची तब्येत*
कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस आणि टीबी माणसाला होऊ शकतो. म्हणून:
✅ गिऱ्हाईकाला "उकळूनच प्या" असं सांगायचंच.
✅ ४ ते ८ महिन्यांच्या कालवडींना ब्रुसेलाची लस द्या.
✅ अँटिबायोटिक दिलं असेल तर डॉक्टर सांगतील तितके दिवस त्या जनावराचं दूध विकू नका, डेअरीलाही घालू नका.
✅ कास धुऊन, कोरडी पुसून धार काढा. कॅन स्टीलचा वापरा. तेलाचा किंवा औषधाचा जुना कॅन नको.
❌ दूध टिकावं म्हणून सोडा, फॉर्मेलिन काहीही घालू नका. धार काढली की लगेच थंड करा आणि लवकर पोचवा.

रतीबाला लिटरमागे चार पैसे जास्त मिळतात, ते मिळायलाच हवेत. पण ते टिकतात विश्वासावर. एखाद्या घरात लेकरू आजारी पडलं, तर गल्लीतली सगळी गिऱ्हाईकं एका दिवसात तुटतात.

या आठवड्यात नोंदणीचा अर्ज भरून टाका. जमत नसेल तर कागद घेऊन ऑफिसला या, बसून भरून देतो. शंका असेल तर याच नंबरवर व्हॉइस मेसेज टाका.

– आपला कृषी सल्लागार