सुईने सोळाशे निघत नाही

धाराशिवहून तुळजापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर पहाटे पाचला पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं पळत असतात. कळंब, भूम, लोहाऱ्याकडची. तिघा-चौघांत एक खोली करून राहिलेली. एक जण मोबाइल हातात धरून वेळ पुकारतो, बाकीचे धापा टाकत ऐकतात. या पोरांच्या तोंडून एक वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता संताप येतो: ‘‘ग्राउंडच्या दिवशी एक इंजेक्शन मारलं की सोळाशे आउट ऑफ.’’

नाही निघत. का ते नीट ऐका.

सोळाशे मीटरला वीस गुण आहेत आणि ते पूर्ण हवे असतील तर साधारण पाच मिनिटांत अंतर संपवावं लागतं. एवढा वेळ पळताना लागणारी बहुतेक ऊर्जा शरीर प्राणवायू वापरून तयार करतं. ती क्षमता, म्हणजे आपण ज्याला दम म्हणतो तो, हृदय, रक्त आणि स्नायू महिनोन्‌महिने सराव करून कमावतात. सुईत ती नसते.

मग सुईत असतं काय? बहुतेकदा मेफेंटरमिन. पाठीत भूल दिल्यावर रुग्णाचा रक्तदाब घसरला, तर तो वर आणायला भूलतज्ज्ञ हे औषध देतात, तेही मॉनिटरवर नजर ठेवून. धडधाकट पोराने ते घेतलं की नाडी उडते, रक्तदाब चढतो, अंगात वारं शिरल्यासारखं वाटतं. दम तेवढाच राहतो. तो संपत आल्याची जाणीव फक्त दबते. जिथं पाय आपोआप मंदावले असते, तिथं पोरगं पळतच राहतं. त्यात ऊन असेल तर विचारूच नका. जून २०१४ मध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत पाच किलोमीटरच्या धावेनंतर काही उमेदवार दगावले, तेव्हा सगळी चर्चा उन्हाची आणि अंतराची झाली होती. तसल्या उन्हात चढवलेला रक्तदाब घेऊन पळायचं, हा सल्ला देणाऱ्याला पोराच्या आईसमोर उभं करायला हवं.

दुसरी सुई स्टेरॉइडची. तिने स्नायू वाढतात हे खरं, पण त्याला काही आठवडे आणि सोबत व्यायाम लागतो; आदल्या रात्री घेऊन काही होत नाही. बदल्यात शरीर स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बनवणं कमी करतं, शुक्राणू घटतात, हृदयावर ताण येतो. आणि १६५ सेंटिमीटर उंचीच्या अटीसाठी धडपडणाऱ्या सोळा-सतरा वर्षांच्या पोरांनो, हे खास तुमच्यासाठी: या वयात घेतलेल्या स्टेरॉइडने हाडांची वाढीची टोकं लवकर मिटू शकतात. उरलीसुरली उंचीही गेली.

यावर पोरं म्हणतात, ‘सगळेच घेतात.’ जागतिक उत्तेजक विरोधी संस्थेच्या, म्हणजे वाडाच्या २०२२ च्या आकडेवारीत भारताच्या खेळाडूंच्या ३,८६५ नमुन्यांपैकी १२५ दोषी निघाले. देशाला लाज आणणारा आकडा आहे. तरीही शंभरातल्या सत्त्याण्णव नमुन्यांत काही सापडलं नाही.

‘मग कॉफी आणि भारीतले बूटही फसवणूकच की.’ हा प्रश्न मात्र चांगला आहे. तंत्राने माणसाचं बळ वाढवण्यात मुळात पाप नाही. चष्मा लावून परीक्षा देणाऱ्याला आपण चोर म्हणत नाही. वाडा तीन गोष्टी तपासते: कामगिरी वाढते का, तब्येतीला धोका आहे का, खेळाच्या मूल्यांना धक्का लागतो का. तीनपैकी दोन लागू झाल्या तर बंदी घालता येते. कॅफीन २००४ पासून बंदीच्या यादीत नाही, मेफेंटरमिन आहे. भरतीत तर आणखी एक हिशेब असतो. जागा मोजक्या, यादी अर्ध्या-एका गुणावर तुटते. एकाने सुई घेतली की शेजारच्या खोलीतल्या पोराला वाटतं, आपणही घ्यायला हवी. म्हणून ‘माझं शरीर, माझी मर्जी’ इथं पुरेसं नाही.

पावडरींबद्दलही गोंधळ आहे. प्रोटीन पावडर म्हणजे स्टेरॉइड नव्हे. पण बिनबिलाच्या डब्यात काय मिसळलंय याचा भरवसा नाही. उंची वाढवणाऱ्या पावडरने उंची वाढत नाही.

सरावाने काय होतं, असं वाटत असेल तर इथलंच उदाहरण घ्या. याच धाराशिवच्या सारिका काळेने २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताच्या महिला खो-खो संघाचं नेतृत्व करून सुवर्ण आणलं, २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळवला.

परवा एका पोराने विचारलं, ‘‘सर, मग शेवटच्या दोनशेला पाय जड होतात त्याचं काय करू?’’ त्याला आधी हिमोग्लोबिन तपासायला पाठवलंय. रात्री बारापर्यंत मोबाइल आणि दोन्ही वेळेला चहा-खारी, एवढं त्याने स्वतःच कबूल केलं.