आधी कान, मग कॅमेरा

सिनेमा शिकायचा तर मुंबईच गाठली पाहिजे, हा समज नगरच्या एका वर्गाने केव्हाच मोडला आहे. बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासारहून पाथर्डीमार्गे गेलं की नगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर. तिथल्या न्यू आर्ट्स, कॉमर्स अँड सायन्स कॉलेजात संज्ञापन शिकत असताना नागराज मंजुळे यांनी अभ्यासाचा भाग म्हणून 'पिस्तुल्या' केला. शाळेची ओढ लागलेल्या पारधी मुलाच्या त्या लघुपटाला 58व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत पदार्पणाचा मान मिळाला. याच कॉलेजात शिकलेल्या भाऊराव कऱ्हाडे यांनी शेतजमीन विकून 'ख्वाडा' हा चित्रपट उभा केला. 62व्या पुरस्कारांत त्याला परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला आणि प्रत्यक्ष जागेवरच्या ध्वनिमुद्रणाचाही. पुढे मंजुळे यांच्या 'पावसाचा निबंध' या लघुपटासाठी अविनाश सोनवणे यांनाही ध्वनीचाच राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

मला हे ध्वनीचे पुरस्कार फार मोलाचे वाटतात. नव्या मुलांचा सगळा पैसा आणि जीव कॅमेऱ्यात अडकतो. चित्र तर आता साध्या मोबाइलवरही नेटकं येतं. फिल्म उघडी पडते ती आवाजात. माळावर वारा थेट माइकमध्ये शिरतो, म्हणून त्याला केसाळ आवरण लागतं. माइक कॅमेऱ्यावर ठेवून चालत नाही, तो बूमच्या काठीने बोलणाऱ्याच्या तोंडाजवळ, पण चौकटीबाहेर धरावा लागतो. प्रत्येक जागेवर सगळ्यांना गप्प उभं करून तिथली नुसती शांतता अर्धा-एक मिनिट टिपून ठेवायची. घराची, गोठ्याची, रानाची शांतता वेगवेगळी असते, आणि संकलनात दोन संवाद जोडताना तीच कामी येते. हे पुस्तकात वाचून डोक्यात राहत नाही. संकलनाच्या टेबलावर एकाच वाक्यात मध्येच लांबची पाण्याची मोटार सुरू होते आणि पुढच्या शॉटमध्ये ती बंद असते, तेव्हा कायमचं समजतं. दुसऱ्या फिल्मला तोच विद्यार्थी आधी मोटारवाल्याला भेटतो आणि मग कलाकारांना वेळ देतो. निर्मितीचं कौशल्य वाढतं ते असं.

प्रकाशाचंही तेच. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची. शटर 1/50 सेकंदावर ठेवलं तर ट्यूब आणि स्वस्त एलईडीचा लुकलुकाट बहुतेक टळतो.

पण शिरूर कासारमध्ये खरी परीक्षा वेळापत्रकाची आहे. इथल्या माणसांची गोष्ट सांगायची म्हटलं की ऊसतोड आलीच, आणि दसरा सरला की टोळ्या निघू लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेला कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, संसार ट्रॅक्टरवर चढवून कारखान्याकडे जातो. त्यांच्यासोबत कधी आपला बालकलाकारही जातो. कॉलेजला सुट्टी लागते दिवाळीत, आणि तोवर गाव अर्धं रिकामं झालेलं असतं. अशा ठिकाणी पटकथा सुरुवातीपासून शेवटपर्यंत ओळीने चित्रित करता येत नाही. भरल्या घराचे प्रसंग दसऱ्याआधी, मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांचे दिवाळीनंतर, अशी प्रसंगांची फोड कागदावर करावी लागते. कोणत्या प्रसंगात अंगावर कोणता सदरा, हातात कोणती पिशवी, केस किती वाढलेले, याचे फोटो तारखेसह जपावे लागतात, कारण मुलगा परतेल तेव्हा त्याची उंचीही वाढलेली असेल.

आणि मजुरी! ज्यांचा दिवस बुडतो त्यांना पैसे, निदान जेवण आणि खरं सांगणं, हे निर्मात्याचं पहिलं काम आहे. "पाच मिनिटांचं काम आहे, मावशी" म्हणून दुपारभर बसवून ठेवणाऱ्याला त्या घरात पुन्हा दार उघडत नाही, आणि उघडूही नये.

टोळ्या परततात गुढीपाडव्याच्या आगेमागे. मधल्या महिन्यांत जमलेल्या चित्रणाचा कच्चा जोड करून ठेवावा. कुठे नजर जुळत नाही, कुठे एखादा जवळचा शॉट हवा होता, कोणता संवाद ऐकूच येत नाही, हे त्यात दिसतं. पाडव्यानंतर घ्यायच्या शॉटची यादी त्यातूनच निघते, आणि ती पहिल्या यादीपेक्षा बरीच आखूड असते.