दोन टाक्यांची मालमोटार आणि दोषाचा शोध

यंत्र बंद पडलें, कीं मनुष्याचा पहिला संशय त्याच्या सर्वांत महाग भागावर जातो. डिझेल तेलावर चालणाऱ्या मालमोटारींत हा भाग म्हणजे तेल मोठ्या दाबानें फवाऱ्यांकडे पाठविणारा इंजेक्शन पंप होय. तो काढून नवा बसवावा, पुष्कळ पैसा खर्चावा, आणि अखेरीस दोष एका चिरलेल्या रबरी नळींत निघावा, असें घडतें. हा खर्च व मनस्ताप कसा टाळतां येतो, हें एका उदाहरणानें पाहूं.

अमेरिकेंतील फोर्ड कंपनीच्या एफ-२५० व एफ-३५० या मालमोटारींत १९८३ च्या नमुन्यापासून ६.९ लिटरचें, व १९८८ च्या नमुन्यापासून ७.३ लिटरचें डिझेल इंजिन मिळूं लागलें. लांबचा पल्ला गांठतां यावा म्हणून यांपैकीं पुष्कळ गाड्यांना एक पुढें व एक मागें अशा दोन टाक्या असत. चालकासमोरील कळ दाबली, कीं गाडीच्या सांगाड्यावर बसविलेली झडप विजेच्या शक्तीनें फिरे आणि तेल दुसऱ्या टाकींतून येऊं लागे.

डिझेल इंजिनांत ठिणगी नसते. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्यानें १८९७ सालीं यशस्वी करून दाखविलेल्या या यंत्रांत हवा इतकी दाबली जाते, कीं ती तापते व तींत फवारलेलें तेल आपोआप पेट घेतें. म्हणून फवारा नेमका व जोरदार असावा लागतो. तेल दाबलें तरी फारसें आकसत नाहीं. हवा मात्र सहज आकसते. नळींत बुडबुडे शिरले, तर पंपाचा जोर ते दाबण्यांतच खर्च होतो आणि इंजिन अडखळत बंद पडतें. शिवाय पंप गरजेहून अधिक तेल घेतो व उरलेलें टाकीकडे परत पाठवितो. यास्तव झडपेला येणारा व परतणारा, असे दोन्ही प्रवाह एकदम बदलावे लागतात.

आतां शोधास लागूं. प्रथम टाकींत तेल खरोखर आहे याची खात्री करावी. दर्शक कांट्यावर विसंबूं नये. मग दुसरें कांहीं न करतां केवळ टाकी बदलावी. नळ्यांत व गाळणींत पूर्वीचें तेल शिल्लक असतें, म्हणून कांहीं मिनिटें गाडी चालूं द्यावी. दोष नाहींसा झाला, तर झडपेच्या पुढील गाळणी, पंप व फवारे निर्दोष ठरले. दोष पहिल्या टाकींत किंवा तिच्या वाटेवर आहे. दोष तसाच राहिला, तर तो बहुधा दोन्ही टाक्यांना सामाईक असलेल्या भागांत आहे. एवढ्या एका कृतीनें संशयाचें क्षेत्र पुष्कळ आकुंचित होतें.

दोष एकाच टाकीचा असल्यास तिचें झांकण उघडून पाहावें. हवा फुसकन् आंत गेली व इंजिन सुधारलें, तर हवा येण्याचें छिद्र बुजलें आहे. पाव टाकी तेल असतांनाच गाडी बंद पडत असेल, तर तेल ओढणाऱ्या नळीचें टोंक तुटलें असावें. तेल आहे, पण नळी तेथवर पोंचत नाहीं. न वापरलेल्या टाकींत ओलावा सांचतो. पाणी जड असल्यामुळें तळाशीं राहातें, आणि पाणी व तेल जेथें भेटतात तेथें सूक्ष्म जंतु वाढून त्यांचा चिकट गाळ गाळणी बुजवितो. म्हणून दोन्ही टाक्या आळीपाळीनें वापराव्या.

दोष सामाईक असल्यास आधीं गाळणी बदलावी. ती स्वस्त असते. या गाड्यांत टाकींतील तेल आणणारा पंप इंजिनावर बसविलेला असतो, म्हणून तेल ढकललें जात नाहीं, ओढलें जातें. अशा नळीला चीर पडली, तर इंजिन चालूं असतां तेल गळत नाहीं. उलट हवा आंत शिरते. बाहेर थेंबहि न दिसल्यामुळें नळी धड आहे असा भ्रम होतो. तेथें पारदर्शक नळीचा तुकडा जोडला, म्हणजे बुडबुडे डोळ्यांनीं दिसतात.

झडपेनें एकच प्रवाह बदलला, तर एक टाकी लवकर रिकामी होते व दुसरी भरून वाहूं लागते. झडपेपर्यंत वीज पोंचत असून ती फिरत नसेल, तर झडप बिघडली. वीजच पोंचत नसेल, तर फ्यूज, तार व कळ तपासावी.

दोन सावधगिऱ्या अवश्य पाळाव्या. फवाऱ्याच्या नळीची गळती हातानें चांचपूं नये. तेथील तेलाची धार कातडी भेदून आंत शिरते व अशी जखम अवयव गमावण्यापर्यंत जाऊं शकते. तसेंच, या इंजिनांत तापणाऱ्या कांड्या असल्यामुळें तें सुरू करण्यासाठीं ईथर कदापि फवारूं नये; स्फोट होऊन इंजिन फुटण्याचा धोका असतो.

मुलांनो, गणिताचें उत्तर चुकलें तर शहाणा विद्यार्थी सारें पान खोडीत नाहीं. पायरीमागून पायरी तपासतो. येथेंहि तेंच. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, परिणाम पाहावा, आणि मगच पुढें जावें. दोन भाग एकदम बदलले व गाडी सुरू झाली, तर दोष कोणत्या भागांत होता हें कळत नाहीं, आणि पुढील वेळीं तोच खर्च पुन्हां करावा लागतो.