गोदामाभोवतालचे गवत आणि पेट्रोलचे यंत्र : जुळणी, इंधन व यतना



आपल्या स्मरणिकेत धान्याची आवक, भावांची चढउतार आणि करांचे नियम यांविषयी पुष्कळ लिहिले जाते. गोदामाच्या भिंतीबाहेर उगवणाऱ्या गवताविषयी मात्र सहसा कोणी लेखणी उचलीत नाही. वस्तुतः धान्यावर ज्यांची उपजीविका आहे त्यांना ही बाब क्षुल्लक नाही. भिंतीलगत गवत माजले की उंदीर-घुशींस आडोसा मिळतो, त्यांच्या मागोमाग साप येतो, जोत्याशी ओल धरते आणि ती ओल अखेरीस खालच्या थराच्या पोत्यांत उतरते. सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगच्या भीतीने लाखो नागरिक सुरत सोडून गेले, हे आपल्यापैकी अनेकांच्या स्मरणात असेल. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून व चिखलातून होणारा लेप्टोस्पायरोसिस हा रोग तर दक्षिण गुजरातेत पावसाळ्यात आजही डोके वर काढतो. तेव्हा गोदामाभोवतीचा पट्टा मोकळा ठेवणे हे मालाचे आणि हमालांच्या जीविताचेही रक्षण आहे.

पूर्वी हे काम विळा व खुरपे यांनी होई. आता शहराबाहेर मोठ्या आवाराची गोदामे झाली, मजूर दुर्मिळ झाले, आणि पेट्रोलवर चालणारी यंत्रे दारोदार दिसू लागली. गवत कापण्याच्या यंत्राचा इतिहास तसा जुना आहे. इंग्लंडातील एडविन बडिंग याने १८३० मध्ये हिरवळ कापण्याच्या पहिल्या यंत्राचे पेटंट घेतले. तर नायलॉनच्या फिरत्या दोरीने गवत छाटण्याची कल्पना १९७१ मध्ये अमेरिकेतील ह्यूस्टनच्या जॉर्ज बॅलस यास मोटार धुण्याचे फिरते ब्रश पाहून सुचली. आपल्याकडे दोन प्रकार विशेष आढळतात. एकात पाते अगर दोरी आडवी फिरते. त्याने उंच गवत कापतात. दुसऱ्यात लहान पाते उभे फिरते व सोबत एक चाक असते. त्याने फरशी आणि हिरवळ यांमधील कड सरळ छाटतात. जुळणीचे व इंधनाचे नियम दोहोंस बहुतांशी समान आहेत.

श्रावकाने असे यंत्र बाळगावे काय, हा प्रश्न वाचकांच्या मनात येईलच. वनस्पती सजीव आहे आणि गवतात असंख्य त्रस जीवही राहतात. आमच्या अल्पमतीप्रमाणे या प्रश्नाचा विचार अनर्थदंड-विरमण व्रताच्या आधारे करावा. प्रयोजनाविना होणारी हिंसा टाळणे हा या व्रताचा गाभा होय. त्यात प्रमादाचरण, म्हणजे निष्काळजी वर्तन, आणि हिंसाप्रदान, म्हणजे हिंसेची साधने दुसऱ्याच्या हाती देणे, हे दोष सांगितले आहेत. या व्रताच्या अतिचारांत ‘संयुक्ताधिकरण’ असा एक अतिचार आहे. उखळाशी मुसळ, नांगराशी फाळ, धनुष्याशी बाण असे साधन जोडून सज्ज ठेवू नये, असा त्याचा अर्थ पूर्वाचार्यांनी सांगितला. जोडलेले साधन कोणीही सहज उचलतो व अविचाराने वापरतो, ही मनुष्यस्वभावाची पारख त्यामागे आहे. आजच्या यंत्राच्या पुस्तिकेत सुरक्षिततेची जी पाने असतात, त्यांतील पुष्कळसा उपदेश या एका शब्दात सामावला आहे. पुढील सर्व विवेचन याच दृष्टीने वाचावे.

प्रथम गवत वाढू न देण्याचा उपाय करावा. भिंतीलगत दोन-तीन फूट रुंदीची फरशी अगर काँक्रीटचा उतार केला, तर तेवढ्या भागात गवत उगवतच नाही आणि यंत्राचे काम कडेपुरते उरते. उरलेली सफाई ज्येष्ठात, पाऊस सुरू होण्यापूर्वी करावी. आषाढापासून कार्तिक पौर्णिमेपर्यंत, चातुर्मासात, जीवोत्पत्ती अधिक असल्याने यंत्र शक्यतो बंदच असावे.

आता जुळणी. यंत्र खोक्यातून काढल्यावर सर्व भाग कापडावर मांडून पुस्तिकेतील यादीशी ताडून पाहावेत. धान्याची पावती ताडल्याविना आपण माल उतरवून घेत नाही. तोच शिरस्ता येथेही पाळावा. यंत्र कोरे असो वा जुने, पात्यास हात लावण्यापूर्वी स्पार्क प्लगची टोपी काढून बाजूस ठेवावी. टोपी बसलेली असताना पाते किंवा दोरी ओढली गेली, तर इंजिन अकस्मात सुरू होऊ शकते. जुळणी होईपर्यंत टाकीत इंधन भरू नये.

दांडा इंजिनाशी जोडताना त्याची खूण खाचेत बरोबर बसली आहे हे पाहून मगच स्क्रू आवळावा. त्यानंतर हँडल, मग पात्यावरील रक्षक पत्रा, आणि सर्वांत शेवटी पाते, असा क्रम ठेवावा. काही मजूर रक्षक पत्रा अडचणीचा म्हणून काढून टाकतात; तसे कदापि होऊ देऊ नये. दगडाचा उडालेला तुकडा डोळ्यांकडे येण्यापूर्वी तो पत्राच अडवितो. पाते बसविताना दातेपेटीच्या छिद्रात पुस्तिकेत सांगितलेली सळई घालून आस अडवावा, वॉशर योग्य बाजूने घालावा आणि पान्ह्याने नट घट्ट आवळावा. अनेक यंत्रांत या नटाचे आटे उलटे असतात. म्हणजे तो डावीकडे फिरवून आवळला जातो व उजवीकडे फिरवून सैल होतो. हे ठाऊक नसलेला मनुष्य आवळण्याच्या भरात तो सैल करून ठेवतो. सळई काढण्याचे विसरू नये. अखेरीस पाते हाताने, हातमोजे घालून, एकदा फिरवून पाहावे. ते कोठे घासता कामा नये. चिरलेले अगर वाकलेले पाते ठोकून सरळ करू नये, टाकून द्यावे.

इंधनाचा भाग सर्वांत महत्त्वाचा. ही यंत्रे टू-स्ट्रोक अगर फोर-स्ट्रोक असतात. फोर-स्ट्रोकमध्ये पेट्रोल टाकीत व इंजिन ऑइल त्याच्या वेगळ्या जागी घालतात. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलातच मिसळावे लागते. पुस्तिकेत ५०ः१ असे प्रमाण असेल तर एक लिटर पेट्रोलास २० मिलिलिटर, आणि २५ः१ असेल तर ४० मिलिलिटर टू-स्ट्रोक ऑइल लागते. ऑइल कमी पडले तर पिस्टन जाम होतो. अधिक झाले तर धूर होतो आणि प्लगवर काजळी धरते. अंदाजाने ओतू नये, मापाने ओतावे. माप चुकवू नये हे धान्याच्या व्यापाऱ्यास सांगणे न लगे. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि अनेक लहान इंजिनांस १० टक्क्यांचीच मर्यादा घातलेली असते. यास्तव खरेदीपूर्वीच विक्रेत्यास विचारून घ्यावे. इथेनॉल हवेतील ओल शोषते. सुरतेसारख्या दमट हवेत महिनोन्महिने ठेवलेले पेट्रोल म्हणून बिघडते.

पेट्रोलाची वाफ शून्याखाली सुमारे ४० अंश सेल्सियसलाही पेट घेऊ शकेल इतकी सुटते. ही वाफ हवेहून जड असल्याने जमिनीलगत पसरते, खळग्यात साचते आणि दूरच्या ठिणगीपर्यंत पोहोचते. पुष्कळांचा समज असा की ज्योत पेट्रोलास लागते. प्रत्यक्षात पेटते ती ही न दिसणारी वाफ. म्हणून यंत्र चालते अगर तापलेले असताना टाकीचे झाकण उघडू नये. इंजिन बंद करावे, निवू द्यावे, मोकळ्या हवेत, पोत्यांपासून व गोदामाच्या दारापासून दूर जाऊन जमिनीवर ठेवावे आणि मगच नरसाळ्याने भरावे. जवळ विडी, अगरबत्ती, दिवा काहीही नसावे. टाकी काठोकाठ भरू नये. उष्णतेने पेट्रोल फुगते. सांडलेले पुसून, वाळू देऊन, भरल्या जागेपासून किमान १० फूट दूर नेऊन यंत्र सुरू करावे. शेजारी कोरड्या पावडरीचे अगर फेसाचे अग्निशामक असावे. पेट्रोलाच्या आगीवर पाणी ओतू नये, कारण पेट्रोल पाण्यावर तरंगते व आग पसरते.

साठ्यासंबंधी कायदाही स्पष्ट आहे. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानुसार विक्रीसाठी नसलेले पेट्रोल ३० लिटरपर्यंत परवान्यावाचून बाळगता येते. पण ते काच, चिनी माती अगर धातूच्या घट्ट बुचाच्या भांड्यातच असले पाहिजे. काचेचे व चिनी मातीचे भांडे एक लिटरहून, धातूचे २५ लिटरहून मोठे नसावे. पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीत पेट्रोल आणणे या नियमात बसत नाही, आणि त्या बाटलीतील द्रव तहानेल्या मजुराने पाणी समजून तोंडास लावण्याचा धोका वेगळाच. धान्य, बारदान व पेट्रोल एका छपराखाली कधीही असू नयेत.

सुरतेस आगीचे भय नवे नाही. एप्रिल १८३७ मध्ये एका घरी उकळते डांबर सांडल्याचे निमित्त झाले आणि वाऱ्याच्या साहाय्याने पसरलेल्या आगीत नऊ हजारांहून अधिक घरे भस्मसात झाली. २०२५ च्या फेब्रुवारीत रिंग रोडवरील शिवशक्ती टेक्स्टाइल मार्केटमध्ये शेकडो व्यापाऱ्यांची दुकाने जळाली. दोहोंची कारणे व काळ भिन्न. परंतु एकाच्या आवारातील आगीची झळ शेजाऱ्यास पोहोचते, हे दोन्हींतून दिसते.

यंत्र चालविणाऱ्याने जाड बूट, लांब पायजमा, डोळ्यांस चष्मा व कानांस बोळे वापरावेत. धोतर, उपरणे, लोंबती ओढणी नको. प्रथम आवारातून सावकाश चालत जाऊन दगड, तारा व काचा उचलाव्यात आणि काठीने गवत हलवून बेडूक, सरडे व पक्ष्यांची पिले यांस निघून जाण्यास अवसर द्यावा. साधूंच्या ईर्या समितीचे हे आपल्या परीने अनुकरणच होय. लहान मुले व गुरे किमान ५० फूट दूर असावीत. मंद गतीवर पाते फिरत राहिले तर यंत्र दुरुस्तीस द्यावे, वापरू नये. कड छाटताना पहिल्या फेरीत पाते जेमतेम इंचभर रुतवावे. बंद खोलीत अगर गोदामात इंजिन मुळीच चालवू नये. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि माणूस सावध होण्यापूर्वीच बेशुद्ध होतो.

काम संपल्यावर टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे. ते निवल्यावर प्लगची टोपी काढावी, पाते उतरवून वेगळ्या कुलुपात ठेवावे. उरलेले पेट्रोल गटारात ओतू नये, कारण ते तेथे पेट घेऊ शकते आणि पुढे पाण्यात जाते; म्हणून लागेल तेवढेच आणावे. शेजारी यंत्र मागावयास आला, तर नुसते यंत्र देऊ नये. जाणता मनुष्य सोबत द्यावा, अन्यथा नम्रपणे नाही म्हणावे.

शेवटी एक विनंती. हे यंत्र आपल्यापैकी फारच थोडे स्वतः चालवितात. चालवितो तो रोजंदारीवरील मजूर. त्यास चष्मा व बूट देण्यास जो खर्च येतो तो एका धान्याच्या पोत्याएवढाही नसतो. तो खर्च धर्मादायात धरू नये, धंद्याच्या खर्चातच धरावा. कारण त्या मजुराचा डोळा गेला तर त्याची जबाबदारी मालकाचीच आहे. जोडताना, भरताना, चालविताना व ठेवताना यतना पाळली, तर यंत्र सेवक राहील.

सुज्ञांस अधिक सांगणे न लगे.